‘आपल्यात भेदभाव नाही’ असे म्हणण्यापूर्वी

(चिंतनासाठी वाचावे: प्रेषितांची कृत्ये ६:१-७ आणि याकोबाचे पत्र २:१-९)



धर्मग्रामाच्या सभेत जातीचा, भाषेचा किंवा गरिबी-श्रीमंतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "आपल्या चर्चमध्ये असलं काही नाही. मला तर कधी अनुभव आला नाही." एवढे कोणी म्हटले की सगळ्यांना हायसे वाटते आणि चर्चा फेस्ताच्या वर्गणीकडे वळते.

धर्मशिक्षणाची सेवा करणारे आम्ही आज या वाक्याविरुद्ध लिहीत आहोत. ते बोलणारा खोटे बोलतो, असे आमचे म्हणणे नाही. बहुधा तो मनापासून बोलत असतो. पण आपल्यावर अन्याय झाला की नाही हे माणूस कोऱ्या मनाने ठरवत नाही. ‘या जगात, निदान देवाच्या घरात तरी, ज्याला त्याला त्याच्या लायकीप्रमाणे मिळते’ अशी एक समजूत मनात आधीच बसलेली असते. ती जितकी घट्ट, तितका खालच्या पायरीवरच्या माणसाला स्वतःवरचा अन्याय कमी दिसतो. म्हणून ‘मला अनुभव आला नाही’ या साक्षीवर ‘आपल्यात भेदभाव नाही’ असा निकाल देता येत नाही.

ईयोबाचे मित्र

ही समजूत जुनी आहे. ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याचे दुःख ऐकून आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तेवढे त्यांनी चांगले केले. तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी हिशेब मांडला. देव न्यायी आहे, ईयोब हालात आहे, म्हणजे ईयोबाने काहीतरी पाप केलेच असणार. ग्रंथाच्या शेवटी देव अलीफजाला सांगतो की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब योग्य बोलला. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवापुढे तक्रार मांडणारा बरोबर ठरला.

प्रभू येशूलाही शिष्यांनी हाच हिशेब विचारला. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. सिलोआमचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून त्याने ‘नाही’ असे स्वतःच उत्तर दिले.

देव न्यायी आहे, ही आपली श्रद्धा आहे. जगात आज जे चालले आहे ते न्याय्य आहे, असा तिचा अर्थ नाही. तसे असते तर ‘तुझे राज्य येवो’ अशी प्रार्थना आपण रोज कशाला केली असती?

मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने ही समजूत तपासून पाहिली. कॅरोलिन सिमन्स यांच्याबरोबर केलेला त्यांचा प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थिनींना एक मुलगी दाखवली. चुकीचे उत्तर दिले की तिला विजेचा धक्का बसतो, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते नाटक होते. तिचे हाल थांबवण्याची सोय मिळाली, तेव्हा पाहणाऱ्यांचे तिच्याविषयीचे मत फारसे बिघडले नाही. हाल चालूच राहणार असे कळले, तेव्हा त्याच मुलीविषयी त्यांचे मत खाली आले. तिने काहीच वाईट केले नव्हते. पण निरपराध मुलीला विनाकारण त्रास होतो हे मान्य करण्यापेक्षा, तिच्यातच काही कमी आहे असे मानणे पाहणाऱ्यांना सोपे गेले.

दुसऱ्याच्या दुःखाबाबत हे घडते. स्वतःच्या दुःखाबाबतही घडते काय?

इतरांवर होतो, माझ्यावर नाही

अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात फे क्रॉस्बी यांनी नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८२ साली पुस्तकरूपाने आला. या स्त्रियांना तशाच दर्जाचे काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा पगार कमी होता. देशातल्या स्त्रियांवर नोकरीत अन्याय होतो, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याचा त्यांना रागही होता. पण ‘तुमच्या स्वतःच्या नोकरीत?’ असे विचारले की त्या समाधानी होत्या. अन्याय सगळ्या स्त्रियांवर होतो आणि एकीवरही होत नाही, हे कसे शक्य आहे?

ब्रेंडा मेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेले संशोधन आणखी पुढे गेले. कष्ट करणारा कोणीही वर जाऊ शकतो, ही समजूत कोणात किती आहे हे त्यांनी मोजले. समाजात खालचे स्थान असलेल्या गटातल्या माणसांमध्ये ही समजूत जितकी पक्की, तितके ‘माझ्याशी भेदभाव झाला’ असे म्हणण्याचे प्रमाण कमी आढळले. वरच्या गटात नेमके उलटे होते. समजूत जितकी पक्की, तितके स्वतःवरच भेदभाव होतो असे वाटण्याचे प्रमाण अधिक. एका निवडीत मुद्दाम नाकारून पाहिले, तेव्हाही हेच दिसले. खालच्या गटातला म्हणाला, मीच कमी पडलो. वरच्या गटातला म्हणाला, माझ्यावर अन्याय झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘तुमच्याशी भेदभाव होतो का?’ असे विचारून हात वर करायला सांगितले, तर ज्याच्यावर खरोखर अन्याय होतो त्याचा हात खाली राहण्याचा आणि ज्याची जागा थोडी हलली आहे त्याचा हात वर जाण्याचा संभव मोठा आहे.

आपल्या अंगणात

आमच्या सीमाभागात एकेका चर्चमध्ये इंग्रजी, कोंकणी, मराठी आणि कन्नड बोलणारे श्रद्धावंत एकत्र येतात. ख्रिस्तसभा सार्वत्रिक आहे याची ही जिवंत खूण आहे. पण फेस्ताच्या मुख्य मिस्सेत वाचन कोण करतो, अर्पणाच्या मिरवणुकीत पुढे कोण चालतो, पॅरिश कौन्सिलवर कोणाची नावे फिरून फिरून येतात, आणि जेवणावळ उठल्यावर पातेली घासायला कोण थांबतो, हे एकदा शांतपणे पाहावे.

पातेली घासणाऱ्या बाईला विचारा. ती म्हणेल, "आमचं वाचन चांगलं नाही, म्हणून बोलवत नसतील." तिची मुलगी बी.ए. झालेली असते. तिलाही कोणी बोलावत नाही. आई म्हणते, "तिला सवय नाही." सवय होण्यासाठी आधी कोणीतरी बोलवावे लागते, हे तिच्या बोलण्यात येत नाही. दोष ती स्वतःच्या पदरात घेते, कारण दुसरे उत्तर तिला परवडणारे नाही. ज्या देवघरात तिने मुलांचा बाप्तिस्मा केला, नवऱ्याला अखेरचा निरोप दिला, तिथे आपल्याला खालचे समजतात असे मानून पुढच्या रविवारी त्याच बाकावर बसायचे कसे? ही तिची मूर्खता नव्हे. जगण्यासाठी लागणारा तो एक आधार आहे आणि तो कोणी निष्ठुरपणे हिसकावू नये. पण तिचा हा आधार दुसऱ्यांनी स्वतःच्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून वापरावा, हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे.

आता उलट बाजू. कौन्सिलवर या वेळी वस्तीतली दोन माणसे घ्यावीत, असे फादर सुचवतात. लगेच कुजबुज सुरू होते. "आम्ही इतकी वर्षं राबलो, वर्गण्या दिल्या, आता आम्हालाच बाजूला करायला निघाले." द्राक्षमळ्यातले मजूर आठवा. पहाटेपासून राबलेल्यांना ठरलेली मजुरी पूर्ण मिळाली होती. त्यांचा एक पैसाही कापला नव्हता. शेवटच्या तासाला आलेल्यांना तेवढीच मिळाली, एवढ्यानेच त्यांना आपण लुबाडले गेलो असे वाटले. ‘जास्त राबला त्याला जास्त’ या त्यांच्या हिशेबात मालकाची दया बसत नव्हती.

दिल्लीत एक, धर्मग्रामात दुसरे

या प्रश्नाची किंमत फक्त मनाला लागणाऱ्या गोष्टींपुरती नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो खुला झाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. बाहेर ठेवण्यासाठी दिले जाणारे एक ठळक कारण असे, की ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही.

मद्रासच्या रॉयपेट्टा भागात रस्त्याच्या कडेला चांभारकाम करणारा एक ख्रिस्ती माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरकारने अनुसूचित जातीच्या हिंदू चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या. त्याच रस्त्यावर तेच काम करणाऱ्या या माणसाला मिळाली नाही. ‘सुसाई विरुद्ध भारत सरकार’ या खटल्याचा निकाल १९८५ साली लागला. न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखवून भागणार नाही, ख्रिस्ती समाजातही तिचे जाच तितक्याच तीव्रतेने उरतात हे दाखवावे लागेल, आणि तसे दाखवणारी पुरेशी माहिती न्यायालयापुढे नाही. याचिका फेटाळली गेली.

पुरेशी माहिती नव्हती. ती कुठून येणार होती? धर्मग्रामातूनच ना? आणि धर्मग्राम काय सांगतो? "आपल्यात असलं काही नाही."

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आयोग नेमला. दिल्लीत समान हक्कांसाठी मोर्चे निघतात, आपल्या धर्मग्रामांतून निवेदनांवर सह्या होतात. ते योग्यच आहे. पण मोर्चात ‘आमच्यातल्या दलितांवर आजही अन्याय होतो’ असे म्हणायचे आणि परत येऊन सभेत ‘आपल्यात जात नाही’ असे म्हणायचे, ही दोन तोंडे एका शरीराला शोभत नाहीत.

आपल्या धर्माध्यक्षांनी तरी हे लपवलेले नाही. भारतीय कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या आत अस्पृश्यता व भेदभाव आहे हे त्यात मान्य केले. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरमध्ये दलित ख्रिस्ती लोकांच्या कबरी वेगळ्या काढणारी भिंत दफनभूमीत उभी राहिली. गोव्यातल्या काही गावांत कॉन्फ्रारियांचे सदस्यत्व जातीवरून ठरत आले. हे सारे सांगितले की ‘ते तिकडचे’ असे उत्तर येते. सगळीकडचे लोक ‘ते तिकडचे’ म्हणतात. मग ‘इकडचे’ कोणाचे?

कोणी म्हणतील, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले, दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल, तेव्हा दार उघडे नाही काय? त्या दिवशी आम्हालाही फार आनंद झाला. पण सेंट थॉमसची परंपरा मिरवणाऱ्या या देशात पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले, हे त्याच बातमीत लिहिलेले आहे. एकजण आत आला यावरून बाहेरचे सगळे स्वतःच्या आळसाने बाहेर राहिले, असे सिद्ध होत नाही.

हे आपल्याला येत नाही असे नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला भेदभाव म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून तो भाषेचा प्रश्न घेऊन झगडतो आहे. सरकारी कागद मराठीत मिळत नाहीत, फलकावरची मराठी पुसली जाते, हे त्याला लगेच दिसते. तिथे तो ‘मला वैयक्तिक अनुभव नाही’ म्हणून गप्प बसत नाही. तो फलक मोजतो, कागद दाखवतो, शाळांची यादी काढतो. ‘तुमचं कन्नड कच्चं असेल, म्हणून अडलं’ असे कोणी म्हटले तर तो चिडतो.

तोच माणूस चर्चच्या फाटकातून आत आला की मोजणे का विसरतो? फाटकाच्या आत सारे न्याय्यच असणार, हे त्याने आधीच ठरवून टाकलेले असते म्हणून.

प्रेषितांनी काय केले

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही भेदभाव झाला होता. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात वगळले जात होते. ही मंडळी पवित्र आत्म्याने भरलेली होती, सर्वस्व सामाईक ठेवणारी होती, तरीही तिथे हे घडले. मग आपल्याकडे घडणारच नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

प्रेषितांनी एकेका विधवेला उभी करून ‘तुला स्वतःला वाईट वागवले काय, शपथेवर सांग’ असे विचारल्याचे तिथे लिहिलेले नाही. तक्रार एका गटाच्या वतीने आली आणि त्यांनी ती ग्राह्य धरली. ‘तुमच्या मनात फूट पाडणारा आत्मा आहे’ असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी वाटपाची व्यवस्था बदलली आणि सात सेवक नेमायला लावले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांचे ताट रिकामे राहत होते, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेले असे दिसते. पुढे काय झाले तेही लूक सांगतो. मंडळी फुटली नाही, वाढली.

व्यवस्था पाहायची तर एकेक प्रसंग सुटा पाहून चालत नाही. क्रॉस्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले की पगारातला फरक एकेका खात्याचा वेगळा वेगळा दाखवला तर लोकांना तो अन्याय वाटत नाही. तीच माहिती एकत्र मांडली की अन्याय दिसतो. एकेका उदाहरणाला काही ना काही कारण सापडतेच. तिचा आवाज लहान, त्याला वेळ नाही, ते नवीन आहेत. दहा वर्षांची यादी समोर ठेवली की ही कारणे तोकडी पडतात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने मागच्या दहा वर्षांची यादी काढावी. वाचक कोण, कॉयरमध्ये कोण, कौन्सिलवर कोण, फेस्ताचे अध्यक्ष कोण, मिशनच्या शाळेत प्रवेश आणि फीमाफी कोणाला, झाडलोट आणि भांडी कोणाकडे. एका कागदावर, वस्तीनुसार आणि भाषेनुसार. कोणाचे मन दुखावले हे विचारायची गरजच नाही. यादी समतोल निघाली तर देवाचे आभार मानू. नाही निघाली तर पुढचे पाऊल प्रेषितांनी दाखवलेलेच आहे.

‘ख्रिस्ती माणसाने सोसावे’

यावर एक आक्षेप भक्तीच्या भाषेत येतो. ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, आपला क्रूस उचलावा, तक्रार करू नये. आम्ही उत्तर देतो की क्षमा करायची तर आधी अपराध मान्य असावा लागतो. जे घडलेच नाही असे आपण म्हणतो, त्याची क्षमा कसली? आणि क्रूस आपला आपण उचलायचा असतो. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवून त्याला सहनशीलतेचा उपदेश करणे हे प्रभूच्या शिकवणीत कुठेही बसत नाही.

तक्रार म्हणजे अश्रद्धा असेही नाही. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव आणि वतन का बुडावे, असे त्यांनी विचारले. मोशेने प्रश्न परमेश्वरापुढे नेला. परमेश्वराने सांगितले की मुली बरोबर बोलतात. नियम बदलला. त्या ‘देव करतो ते बरेच’ म्हणून तंबूत बसून राहिल्या असत्या तर तो बदलला नसता.

याकोब तर आणखी रोखठोक आहे. सोन्याची अंगठी घालून येणाऱ्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला तो पापी ठरवतो. त्या गरिबाला काय वाटले, हे तो विचारतही नाही. कदाचित त्या गरिबाला आपली जागा तीच आहे असे वाटले असेल. त्याने पाप कमी होत नाही.

येत्या कौन्सिलच्या निवडीआधी ही यादी तयार व्हावी, अशी आमची प्रत्येक धर्मग्रामाला विनंती आहे.

हे प्रभू, तू न्यायी आहेस. तुझ्या नावाने आम्ही चालवलेल्या व्यवस्थेला तुझा न्याय समजण्याची भूल आम्हांला पडू देऊ नकोस. जे स्वतःच्या पदरात दोष घेऊन मुकाट बसले आहेत, त्यांना ताठ मानेने उभे कर. जागा थोडी सरकवावी लागली म्हणून ज्यांना राग येतो, त्यांना तुझ्या द्राक्षमळ्याचा हिशेब शिकव. आणि आम्हां सर्वांना एका मेजाभोवती, एकाच उंचीच्या बाकांवर बसव. आमेन.